पुरावा खरा आहे, पण तो याच दाव्याचा आहे का? (‘औदुंबर’च्या निमित्ताने)

चांदणवेल

बालकवींच्या ‘औदुंबर’चं एक रसग्रहण सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण लिहिलंय मनापासून. त्यातला दावा असा: ही कविता मृत्यूची आहे, आणि कवीला आपला शेवट आधीच जाणवला होता. खाली शंभरेक ‘अप्रतिम’ आणि ‘अंगावर काटा आला’. मला मात्र वाचल्यापासून स्वस्थता नाही, म्हणून हा धागा.

आधी कविता समोर ठेवू. आठच ओळी आहेत.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचें गांव चिमुकलें पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

लेखात चार पुरावे दिलेत. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात गेले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. दुसरं, त्यांनीच ‘कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला’ असं लिहून ठेवलंय. तिसरं, कवितेतली पायवाट गावातून निघून काळ्या डोहाशी संपते. आणि चौथं, औदुंबर हा दत्ताचा वृक्ष, म्हणजे शेवटी जळात पाय सोडून बसलाय तो विरक्त योगी.

यातली माहिती चुकीची नाही. तारीख बरोबर, कविता त्यांचीच, पायवाट डोहाकडेच जाते, औदुंबराखाली दत्ताच्या पादुका असतातच. अडचण वेगळीच आहे. साहित्यावर लिहिताना आपण पुरावा खरा आहे का एवढंच बघतो आणि पुढे जातो. तो ज्या दाव्याखाली मांडलाय त्याचं ओझं त्याला पेलतं का, हे बघायचं राहून जातं.

मी स्वतःला एक प्रश्न विचारते: दावा खोटा असता, तरी हा पुरावा असाच सापडला असता का? सापडला असता, तर त्या पुराव्याने दाव्याला काडीचा आधार मिळत नाही.

अपघाताला हा प्रश्न लावून पाहा. समजा कवीला मृत्यूची चाहूलबिहूल काही नव्हती, एका दुपारी झऱ्याकाठी बसून त्याने आठ ओळी लिहिल्या. तरी त्या दिवशी भादलीला गाडी आलीच असती. आणि समजा बालकवी ऐंशी वर्षांचे होऊन गेले असते, तर या आठ ओळींतला एक काना तरी बदलला असता का? मग मृत्यूची तारीख कवितेबद्दल काय सांगते? ती आपण वाचताना काय सोबत घेऊन बसलोय ते सांगते. आपल्याला शेवट माहीत असतो, म्हणून आधीच्या प्रत्येक ओळीत त्याची सावली दिसते.

‘उदासीनता’ला तोच प्रश्न. ती कविता खरी आणि फार मोलाची आहे. पण ‘आनंदी आनंद गडे, इकडे तिकडे चोहिकडे’ हेही त्याच माणसाने लिहिलंय, ‘श्रावणमासीं हर्ष मानसीं’ही त्यानेच. उदास कविता तेवढ्या उचलल्या तर कवी उदास दिसणारच, हसऱ्या उचलल्या तर तोच हसरा. निवडीचा नियम आधी सांगितला नसेल, तर निवडलेल्या कवितांमधून निवडणाऱ्याचा कल तेवढा कळतो.

उरलेले दोन पुरावे कवितेतले आहेत, त्यामुळे त्यांचा मान मोठा. त्यांच्यावर तुमचं मत हवंय.

गिरणाकाठ

धागा आवडला. अपघात आणि चरित्राबद्दल पूर्ण सहमत. पण कवितेतल्या पुराव्याला मी तुमच्यापेक्षा जास्त वजन देईन.

ओळीओळीतले रंग बघत चला. हिरवाळी, निळासांवळा, परत हिरवी गर्दी, मग पांढरी पायवाट, हिरवं कुरण आणि तिथून थेट काळा डोह. त्यानंतर काळिमा. शेवटच्या तीन ओळींत हिरवं मागे पडतं आणि काळं दोनदा येतं. आठ ओळींच्या कवितेत हे आपोआप होत नाही. शिवाय कवितेतली माणसांची खूण म्हणजे चार घरांचं गाव आणि पायवाट. गाव दूर पैल टेकडीकडे राहिलं, पायवाट डोहाशी आली. डोहानंतर माणसाचं काहीच नाही, फक्त झाड. आता तुमचाच प्रश्न लावतो. ही कविता नुसतं प्रसन्न निसर्गचित्र असती, तर रंगांचा हा उतार सापडला असता का? मला नाही वाटत.

चांदणवेल

गिरणाकाठ, असाच प्रतिसाद हवा होता. रंगांचा उतार खरा आहे आणि तो प्रसन्न निसर्गचित्राच्या विरोधात जातो, मान्य.

पण त्या पुराव्यावर कुठला दावा उभा राहतो ते बघू या. ‘कवितेची नजर उघड्या, माणसांच्या जागेकडून सावलीच्या, निर्मनुष्य जागेकडे सरकते’, हे म्हणा, मी सही करते. याला सहाव्या, सातव्या ओळीचा थेट आधार आहे. ‘म्हणून ही कविता मृत्यूची’ म्हटलंत की मध्ये एक मोठी उडी आहे, आणि त्या उडीसाठी कवितेत पायरी नाही. सावली म्हणजे मृत्यूच कशावरून? विसावा का नाही, एकांत का नाही?

आणि एक शब्द त्या रसग्रहणात साफ गाळलेला आहे. काळिमा नुसती नाही, ‘गोड काळिमा’ आहे. लेखकाने ओळ दिली आहे ती ‘...काळिमा पसरी लाटांवर’ अशी, टिंबं देऊन. जो शब्द दाव्याला अडतो तोच टिंबांत गेला. तो ठेवून मृत्यूचा अर्थ लावता येईलही, गोड मृत्यू ही कल्पना कवितेला परकी नाही. पण मग ते सांगायला हवं, ‘गोड’ला सामोरं जायला हवं. अवतरणात कुठे टिंबं पडली आहेत तिथे मी आता हटकून मूळ उघडून बघते.

सूरपारंबी

चौथ्या पुराव्याबद्दल. ‘औदुंबर’ म्हटलं म्हणजे दत्त, असं लेखक म्हणतो. याला सरळ उत्तर असं देता येईल की वृत्तासाठी तो शब्द आलाय. मात्रा मोजा. पहिल्या भागात सोळा, दुसऱ्यात अकरा, शेवटचं अक्षर लांबवून म्हणायचं. ‘पाय टाकुनी जळांत बसला’ सोळा. ‘असला औदुंबर’ अकरा. त्या जागी ‘असला उंबर’ घातलं तर दोन मात्रा कमी पडतात. यमक दोन्हींनी जमतं, पण चाल फक्त ‘औदुंबर’ने.

दौतटाक

सूरपारंबी, मात्रांचा हिशेब अचूक आहे, पण तो एवढ्यावर थांबत नाही. ‘असला हा उंबर’ म्हणून बघा. चार, दोन, आणि शेवट लांबवून पाच. अकरा भरल्या. ओळ चालते, यमक जुळतं. म्हणजे कवीपुढे दोन वाटा होत्या आणि त्याने ‘औदुंबर’ घेतला. वृत्ताने भाग पाडलं असं म्हणता येत नाही, ती निवड होती, आणि निवड हा पुरावा असतो.

कशाचा, ते मात्र जपून म्हणावं लागेल. ‘उंबर’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द, ‘औदुंबर’ला पूजेचा, पादुकांचा, नरसोबाच्या वाडीचा गंध आहे. आधीच्या सात ओळींत असा एकही भारदस्त शब्द नाही. हिरवाळी, कुरण, डोह, पायवाट, सगळे घरचे. शेवटी एकदम ‘औदुंबर’ येतो आणि झाड मोठं होतं. झाडाला मान देण्यासाठी हा शब्द आलाय, एवढं म्हणायला या ओळीचा आधार पुरतो. तो दत्तच आहे किंवा संन्यासीच आहे म्हणायला आणखी काहीतरी हवं. एखादी झोळी, भस्म, पादुका, डोळे मिटणं, काहीही. कवितेत त्यातलं काही नाही. ‘बसला’ आणि ‘पाय टाकुनी’ हे दोन शब्द झाडाला माणूस करतात, साधू करत नाहीत. उन्हातून आलेला कुणीही पाण्यात पाय सोडून बसतो.

वाफसा

मी शेती करतो, समीक्षेतलं फार कळत नाही. पण एक सांगतो. आमच्या ओढ्याला अशी उंबराची झाडं आहेत. काठ खचला की मुळ्या उघड्या पडतात आणि पाण्यात उतरतात. लांबून बघितलं की कुणीतरी पाय सोडून बसलंय असंच वाटतं. पानांची सावली गर्द, खाली पाणी दिवसाही काळं दिसतं. पाणी खोल असेल तर आणखीच. म्हणजे त्या दोन ओळींत जे आहे ते कल्पनेतून काढलेलं नाही, ते तसं दिसतं. चांदणवेल ताईंचा प्रश्न इथे लावला तर उत्तर मिळतं. योगीबिगी काही मनात नसताना, नुसतं झाड नीट बघणाऱ्या माणसालाही हीच ओळ सुचू शकते.

चांदणवेल

वाफसा, हे फार मोलाचं आहे. इतक्या रसग्रहणांत मुळ्या पाण्यात उतरतात हे कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. प्रतीक शोधायच्या आधी वस्तू कशी असते ते माहीत हवं, नाहीतर जे झाडातच आहे ते आपण कवीच्या मनात घालतो.

कासारघाट

मला या सगळ्या चर्चेचा थोडा त्रास होतोय, स्पष्ट लिहितो. कविता म्हणजे कोर्टातला खटला नाही. माझ्या वडिलांना जाऊन काही महिने झाले होते तेव्हा मी ‘औदुंबर’ वाचली आणि मला त्यात मृत्यूच दिसला, शांत, काळोखा, गोड. त्याला पुरावा द्यायचा म्हणजे काय? दावा, पुरावा, सही असं करत बसलो तर कवितेत उरेल काय?

चांदणवेल

कासारघाट, तुम्हाला जे दिसलं त्याला पुरावा लागत नाही, कुणी मागूही नये. ‘मला यात मृत्यू दिसला’ हे वाक्य तुमच्याबद्दल आहे आणि ते खरं आहे.

‘ही कविता मृत्यूची आहे’ हे वाक्य कवितेबद्दल आहे, म्हणजे ते माझ्यावर, वाफसांवर, उद्या ही कविता पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलीवर लागू होतं. ‘कवीला शेवट जाणवला होता’ हे वाक्य तर एका होऊन गेलेल्या माणसाच्या मनाबद्दल आहे, आणि त्याला उत्तर द्यायला तो नाही. वाक्य जसं बदलतं तसं पुराव्याचं माप बदलतं. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला ओळींचा आधार, तिसऱ्याला पत्र, डायरी, समकालीन साक्ष. फिरणाऱ्या लेखात ही तिन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात, एकाच सुरात येतात, आणि पहिल्याची खरी भावना पुढच्या दोघांची जामीन राहते. माझा आक्षेप तिथे आहे.

उलट मला वाटतं, तुम्ही ‘शांत, काळोखा, गोड’ लिहिलंत ते त्या लेखापेक्षा कवितेच्या जवळ आहे. तुम्ही ‘गोड’ गाळला नाहीत.

पोथीशाळा

हा धागा वाचताना राहून राहून ‘ज्ञानदेव एक की दोन’ हा वाद आठवतोय. मराठीत पुरावा आणि दावा यांची इतकी मोठी झटापट दुसरी झाली नसेल. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’मध्ये लेख लिहिले. त्यांचा दावा: ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव या दोन वेगळ्या व्यक्ती. केवढी खळबळ झाली असेल! पण भारद्वाजांनी नुसतं खळबळीसाठी लिहिलं नाही, त्यांनी पुरावे मांडले. म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

मुख्य पुरावा भाषेचा. ज्ञानेश्वरी आज टीपेशिवाय वाचता येत नाही. ‘रूप पाहतां लोचनीं, सुख जालें वो साजणी’ शाळकरी पोरालाही कळतं. एकाच माणसाची, एकाच काळातली भाषा एवढी वेगळी कशी?

निरीक्षण शंभर टक्के खरं. आता चांदणवेल यांचा प्रश्न: लेखक एकच असता, तरी हा फरक दिसला असता का? माझं उत्तर, हो, दिसला असता. कारण दोन्ही गोष्टी आपल्यापर्यंत वेगवेगळ्या रस्त्यांनी आल्या. ज्ञानेश्वरी पोथीतून आली, नकलाकाराच्या डोळ्यांनी आणि बोरूने. अभंग आले तोंडातोंडांतून, टाळमृदंगावर, वारीत चालताना. गाणारा जुना शब्द अडला की नवा घालतो, त्याला कळतही नाही. सहाशे वर्षं रोज गायलेली भाषा गाणाऱ्यांच्या बरोबर चालत राहते.

आणि पोथीतही बदल होतातच, याची साक्ष खुद्द एकनाथांची आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. नाथांनी ती शके १५०६ मध्ये, १५८४ ला शुद्ध केली आणि लिहून ठेवलं: ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’. तीनशे वर्षांच्या आत, लिहिलेल्या, जपलेल्या, पूजेत ठेवलेल्या ग्रंथाची ही गत, की नाथांना बसून पाठ निवडावे लागले. मग गायच्या गाण्यांचं काय झालं असेल?

दुसऱ्या टोकाला महानुभावांचं उदाहरण आहे. लीळाचरित्र हा त्यांचा गद्य ग्रंथ त्याच शतकातला. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांत बांधून ठेवले, पंथाबाहेर जाऊच दिले नाहीत. त्या गद्याचं जुनेपण आजही जाणवतं. म्हणजे भाषा किती जुनी दिसते हे ती कधी लिहिली यावर जितकं, तितकंच ती कशी जपली यावर अवलंबून आहे. भारद्वाजांच्या पुराव्यातून ‘दोन जपणुकी’ सिद्ध होतात. ‘दोन माणसं’ सिद्ध व्हायला तेवढं पुरत नाही.

पण उलट बाजूने लिहिणारेही फार सैल सुटतात, तेही सांगायला हवं. ‘अभंगांतही जुनी रूपं आहेत, म्हणजे ते ज्ञानेश्वरांचेच’ असं म्हणतात. जुनी रूपं आहेत, खरंय. ‘इवलेंसें रोप लावियेलें द्वारीं, त्याचा वेलु गेला गगनावेरी’, यात ‘वेलु’. ‘घनु वाजे घुणघुणा’ मधला ‘घनु’. ‘कानडा वो विठ्ठलु कर्नाटकु’. आणि ‘बापरखुमादेवीवरु’ ही तर मुद्राच, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारी कवीच्या नावाची खूण, ती आजही कुणी ‘वर’ म्हणत नाही. हा उकार ज्ञानेश्वरीत पानोपानी आहे, ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ सगळ्यांना पाठ आहे. पण हीच रूपं नंतरच्या शतकांतल्या कवितेतही रेंगाळली आहेत. त्यामुळे उकारावरून ‘हे अभंग अगदी कालचे नाहीत’ एवढं म्हणता येतं. तेराव्या शतकाचा आणि त्यातही एका विशिष्ट माणसाचा शिक्का त्यावरून मारता येत नाही.

मेंदीकोट

पोथीशाळा, वाचनखूण साठवली. पण भारद्वाजांचा दुसरा मुद्दा तुम्ही सोडलात आणि मला तो जास्त अवघड वाटतो. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचं, पंढरीचं नाव येत नाही. अभंग तर विठ्ठलाने भरलेले. याला गाण्याने भाषा बदलली हे उत्तर चालत नाही. एखादी गोष्ट नसणं हाही पुरावा नाही का?

पोथीशाळा

आहे, पण ती असायला हवी होती असं दाखवता आलं तरच. नेहमीचं उत्तर असं की ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, तिथे कृष्ण बोलतो, पंढरपूर यायचं कारण नाही. हे उत्तर मला अर्धंच पटतं. कारण ज्ञानेश्वर टीकेपुरते राहतच नाहीत. गुरूंचं स्तवन करतात, मराठीचा अभिमान सांगतात, आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी तर आपला सगळा पत्ता देतात. नाथपंथाची गुरुपरंपरा सांगतात. जिथे बसून ग्रंथ झाला ते क्षेत्र सांगतात, ‘जेथ जगाचें जीवनसूत्र, श्रीमहालया असे’. राजाचं नाव सांगतात, ‘तेथ यदुवंशविलासु, जो सकळकळानिवासु, न्यायातें पोषी क्षितीशु, श्रीरामचंद्रु’. गुरू आले, गाव आलं, गावची देवता आली, देवगिरीचा यादव राजा आला. विठ्ठलाला तिथे जागा होती आणि तो आला नाही. म्हणून ही अनुपस्थिती मी हलकी मानत नाही. कोऱ्या जागेत नसणं वेगळं, आणि सगळ्यांची नावं घेतलेल्या यादीत नसणं वेगळं.

आता यावर कुठला दावा उभा राहील? ‘हा ग्रंथ लिहिताना विठ्ठल त्यांच्या मांडणीच्या केंद्रात नव्हता’, हा राहील. ‘विठ्ठलावर लिहिणारा माणूसच वेगळा’, हा त्यावर उभा राहत नाही. ग्रंथ १२९० चा, समाधी १२९६ ची. मध्ये सहा वर्षं आहेत, आणि परंपरा त्याच काळात नामदेवांबरोबरची तीर्थयात्रा सांगते. त्या वयात सहा वर्षांत माणूस कुठून कुठे जातो! हे घडलंच असं मी म्हणत नाही. घडणं शक्य आहे, आणि ते शक्य असेपर्यंत दुसरा माणूस मानायची सक्ती नाही.

सूरपारंबी

मुद्रेचा विषय निघालाच आहे म्हणून. शेवटी ‘नामा म्हणे’ आलं की अभंग नामदेवांचा, असं आपण धरून चालतो. पण सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेले, मराठीत महाभारत लिहिणारे, तेही ‘नामा’च. आणि भक्तीने गाणारा कुणीही आपल्या ओळी आवडत्या संताच्या पायी वाहतो, तेव्हा मुद्रा त्या संताचीच घालतो. त्यात फसवणूक नसते. पण चांदणवेल यांच्या प्रश्नात मुद्रा टिकत नाही. अभंग दुसऱ्याचा असता तरी ‘नामा म्हणे’ तिथे असतंच.

खडूफळा

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. हा धागा मुलांपुढे ठेवायचा विचार आहे, म्हणून वर्गातलं सांगते. ‘कवितेतून कवीचे निसर्गप्रेम दिसून येते’ हे वाक्य मला शेकडो पेपरांत मिळतं, आणि खाली दोन ओळी उतरवलेल्या असतात. ओळी बरोबर असतात म्हणून गुण द्यावे लागतात. पण ओळ आणि वाक्य यांच्यामध्ये काहीच नसतं. ‘या ओळीतल्या अमुक शब्दामुळे मला असं वाटतं’ हे एक वाक्य मुलं लिहीत नाहीत, कारण आम्ही मागत नाही. गाइडांतही दावा एका ओळीत, अवतरण दुसऱ्या ओळीत, सांधा कुठेच नाही. मुलं तेच शिकतात आणि मोठी होऊन तसेच लेख फॉरवर्ड करतात.

गेल्या आठवड्यात एक करून पाहिलं. ‘औदुंबर’च्या सातव्या ओळीतला ‘गोड’ खोडून ‘गूढ’ लिहिला आणि वर्गाला विचारलं, कविता बदलली का? मात्रा तेवढ्याच राहतात, म्हणून कानाला खटकत नाही. एक मुलगा म्हणाला, आता भीती वाटते, आधी वाटत नव्हती. पुढची वीस मिनिटं मला बोलावंच लागलं नाही. तो शब्द बदलून वाचन बदललं, म्हणजे वाचन त्या शब्दावर उभं होतं, हे त्यांचं त्यांना कळलं. पण कविता अशी शब्दाशब्दाने फोडताना मुलं पायवाटेपर्यंत आली आणि अडली. ‘पांढरी’ बदलून पाहिलं तर काहींना फरक वाटला, काहींना नाही.

गिरणाकाठ

खडूफळा, हा प्रयोग मी घरी करणार. ‘पांढरी’चं सांगतो. आमच्याकडे काळ्या जमिनीतून सतत चालून मळलेली वाट खरोखर पांढुरकी दिसते, पायांनी माती घट्ट होऊन धूळ वर येते म्हणून. तेव्हा वाफसांच्या मुळ्यांसारखंच हेही आधी डोळ्यांनी दिसतं. तरी काळ्याच्या शेजारी पांढरं ठेवणं ही निवड आहे, असं मी अजूनही म्हणेन.

चांदणवेल, एक विचारायचं राहिलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त ठोंबरे आहेत. रेव्हरंड टिळकांच्या घरात वावरणारा, खोड्या करणारा, लाडका मुलगा. त्या समकालीन साक्षीचं काय? ती तर मृत्यूच्या दाव्याच्या विरुद्ध जाते.

चांदणवेल

ती साक्ष मला फार प्रिय आहे, आणि ती माझ्या बाजूची दिसतेय म्हणूनच जपून वापरायला हवी. लक्ष्मीबाईंनी ती ठोंबरे गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिली. गेलेल्या मुलाच्या खोड्या आईच्या मायेने आठवल्या आहेत. त्यातून तो त्या घरात कसा होता हे कळतं, आणि ते अनमोल आहे. पण घरात हसणारा माणूस एकटा बसून काळ्या डोहावर लिहू शकतो. ‘अपघाताची तारीख कवितेचा पुरावा नाही’ म्हणायचं आणि ‘घरातला खोडकरपणा पुरावा आहे’ म्हणायचं, हे चालणार नाही. चरित्र बाहेर ठेवायचं तर दोन्ही बाजूंचं ठेवू.

मला काय सापडलं तर मी ‘कवीला शेवट जाणवला होता’ मान्य करेन, तेही लिहून ठेवते. या कवितेच्या सुमाराचं, बालकवींच्या हातचं एखादं पत्र किंवा टिपण, ज्यात या झऱ्याचा किंवा डोहाचा मृत्यूशी त्यांनी स्वतः संबंध जोडलाय. किंवा कवितेचा आधीचा खर्डा, ज्यात ‘गोड’च्या जागी दुसरा शब्द होता आणि तो खोडलाय. असं काही कुणी पाहिलं असेल तर कुठल्या संग्रहात, कुठल्या पानावर, तेवढं इथे टाका. मी जाऊन बघेन.

‘पांढरी’वर वेगळा धागा काढू या का? खडूफळांच्या मुलांची दोन्ही मतं त्यात पहिल्यांदा यावीत असं मला वाटतं.